लिंबाच्या पानावरील डाग

लंडनजवळील क्यू येथील वनस्पति-उद्यानात जगाच्या चारी दिशांकडून आणलेल्या वनस्पतींचे वाळविलेले नमुने कागदांवर चिकटवून जतन करून ठेविलेले आहेत. त्यांत हिंदुस्थानच्या वायव्य भागात १८२७ ते १८३१ या काळात गोळा केलेला महाळुंगाचा एक नमुना आहे. महाळुंग हे लिंबाच्या गोतातील फळ. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हाती असते ते हेच. त्या नमुन्याच्या पानांवर काही बारीक, खडबडीत डाग होते. ज्या काळी तो तोडला गेला त्या काळी त्या डागांना शास्त्रात नाव नव्हते. शंभर वर्षे ती पाने कपाटात पडून राहिली. पुढे १९३३ साली हॉवर्ड फॉसेट आणि अ‍ॅना जेन्किन्स या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी अशा जुन्या संग्रहांतील नमुने बारकाईने तपासले, तेव्हा त्यांना या पानांवर एका सुप्रसिद्ध रोगाच्या खुणा दिसल्या. जावा बेटात १८४२ ते १८४४ च्या सुमारास गोळा केलेल्या कागदी लिंबाच्या नमुन्यावरही त्याच खुणा होत्या. हा रोग जपान किंवा चीनमध्ये जन्मला असावा असा तोपर्यंतचा सामान्य समज होता. या पानांमुळे त्याचे मूळ हिंदुस्थान व जावा यांच्याकडे शोधले पाहिजे, असे मत पुढे आले.

त्या रोगाचे इंग्रजी नाव कँकर. आपल्याकडील बागाईतदार त्याला खैऱ्या म्हणतात. महाराष्ट्रात कागदी लिंबाची बाग ज्याने केली आहे त्याला त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. प्रथम पानावर टाचणीच्या टोकाएवढा, पाणी शोषल्यासारखा ठिपका उमटतो. तो फुगून वर येतो, फुटतो, आणि खैऱ्या रंगाचा, बुचासारखा खरखरीत व्रण बनतो. त्याच्याभोवती पिवळे वलय असते. पानाप्रमाणेच कोवळ्या डहाळ्यांवर आणि फळांच्या सालीवरही असे व्रण पडतात. रोग बळावला म्हणजे पाने झडतात, डहाळ्या सुकतात, फळे पिकण्यापूर्वीच गळून पडतात. जी फळे टिकतात ती खाण्यास निर्धोक असतात. मनुष्याला या रोगापासून कसलाही अपाय नाही. परंतु डागाळलेल्या फळाला बाजारात कोणी विचारीत नाही, आणि ज्या प्रांतात हा रोग आहे त्या प्रांताच्या फळाला दुसरे देश आपल्या बंदरात उतरू देत नाहीत. या रोगाने होणारे नुकसान झाडाचे जेवढे आहे त्याहून अधिक व्यापाराचे आहे, आणि त्याच्याविरुद्ध झालेल्या मोठ्या लढाया याच कारणासाठी लढल्या गेल्या.

या लढायांतील सर्वांत दीर्घ लढाई अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात झाली. ती समजण्यासाठी हा रोग जगतो कसा आणि पसरतो कसा हे आधी पाहणे अवश्य आहे.

रोगाचे कारण एक सूक्ष्मजंतू आहे. तो झाडाच्या व्रणात राहतो. व्रणावर पावसाचे किंवा दवाचे पाणी साचले की जंतू असंख्य संख्येने त्या पाण्यात उतरतात. पावसाचा थेंब पानावर आपटून फुटतो, तुषार उडतात, आणि त्या तुषारांबरोबर जंतू शेजारच्या पानावर जातात. नुसता पाऊस असेल तर ही मजल थोडी असते. पावसाला जोराच्या वाऱ्याची जोड मिळाली म्हणजे मात्र दुहेरी काम होते: तुषार दूर जातात, आणि वाऱ्याच्या दाबाने पाणी पानाच्या श्वासरंध्रांतून आत ढकलले जाते. वाऱ्याचा वेग सेकंदाला आठ मीटरच्या वर गेला की हा प्रवेश फार सुलभ होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. याशिवाय काटा लागून झालेली जखम, छाटणीचा घाव, वाळूच्या कणांचा ओरखडा यांपैकी कोणतेही दार जंतूला पुरते. पाने पोखरणारी एक लहानशी अळी आहे. ती पानाच्या पापुद्र्याखाली नागमोडी वाटा खणते. ती स्वतः रोग वाहून नेत नाही, परंतु तिने खणलेली वाट ही जंतूला आयती मिळालेली उघडी जखम होय.

जंतूला कोवळेपणा लागतो. नवती फुटली की पहिले सुमारे सहा आठवडे पान धोक्यात असते. ते पुरते जून झाले की जखमेवाचून जंतूला आत शिरणे कठीण जाते. झाडाच्या जातीप्रमाणेही फरक पडतो. ग्रेपफ्रूट आणि कागदी लिंबू या रोगाला चटकन बळी पडतात, मोसंबी व गोड संत्री त्याहून कमी, आणि सैल सालीचे संत्रे बऱ्याच अंशी तोंड देऊ शकते. विदर्भातील संत्र्याच्या बागाईतदारापेक्षा लिंबाचा बागाईतदार खैऱ्याला अधिक भितो, तो याच कारणाने.

झाडाबाहेर मात्र हा जंतू दुबळा आहे. लोखंड, लाकूड, कापड अशा उघड्या पृष्ठभागावर तो उन्हात आणि वाळल्यावर एक-दोन दिवसांत, फार तर तिसऱ्या दिवशी मरतो. मातीत तो काही दिवस वा थोडे आठवडे तग धरतो. गळून पडलेली पाने कुजली की त्यांच्याबरोबर त्याचाही शेवट होतो. परंतु जिवंत डहाळीच्या सालीवरील व्रणात तो वर्षानुवर्षे राहू शकतो. तेव्हा या जंतूचे खरे घर जिवंत झाड हेच होय. झाड नाहीसे केले तर रोग नाहीसा होतो, हा सिद्धान्त इतका सरळ आहे की त्यावर कायदा उभारण्याचा मोह कोणत्याही सरकारला पडावा. अडचण एवढीच, की जंतू झाडात शिरल्यापासून डोळ्यांना व्रण दिसेपर्यंत मधे काळ जातो. हवा अनुकूल असली तर आठ-दहा दिवसांत ठिपका उमटतो, नाही तर महिना-दोन महिने लागतात. आणि हजारो पानांच्या झाडात तपासनीसाच्या नजरेस पडण्याइतके व्रण वाढण्यास साडेतीन महिनेही लागू शकतात. तेवढ्या अवधीत एखादे वादळ होऊन गेले तर रोग पुढे गेलेला असतो, आणि तपासनीस मागे राहिलेला असतो.

आता फ्लोरिडाकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील राज्यांत संत्र्यांच्या नव्या बागा लावण्याची लाट आली होती. कलमांसाठी लागणारी त्रिपर्णी लिंबाची रोपे जपानहून स्वस्तात येत. १९१० च्या सुमारास या रोपांबरोबर खैऱ्याही आला. समुद्र ओलांडण्याचे सामर्थ्य त्या जंतूच्या अंगी नव्हते. माणसाने विकत घेतलेल्या, जपून बांधलेल्या आणि कागदपत्रांनिशी पाठविलेल्या रोपांत बसून तो आला. टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंत रोपवाटिकांतून तो बागांत गेला. पहिली दोन-तीन वर्षे लोकांना तो एक ओळखीचाच बुरशीचा रोग वाटला. बुरशीवर चालणारी औषधे फवारण्यात आली, रोगट डहाळ्या छाटण्यात आल्या, आणि छाटणाऱ्यांच्या हातांनी व हत्यारांनी रोग अधिकच पसरला.

रोगाचे खरे कारण शोधून काढण्याचे श्रेय अमेरिकन कृषिखात्यातील क्लारा हॅसे या विदुषीला आहे. तिने रोगट पानांतून एक सूक्ष्मजंतू वेगळा केला, तो शुद्ध स्वरूपात वाढविला, निरोगी झाडांना टोचला, तसेच व्रण उठलेले पाहिले, आणि त्या व्रणांतून पुन्हा तोच जंतू मिळविला. १९१५ साली तिचा निबंध प्रसिद्ध झाला. शत्रू बुरशी नसून जंतू आहे हे कळताच लढाईची रीतही बदलली. परदेशांतून लिंबूवर्गीय रोपे आणण्यास बंदी झाली. फ्लोरिडात खास कायदा करून वनस्पति-मंडळ स्थापन झाले. रोगट झाड सापडले की ते तोडून वाहून न्यावयाचे नाही, कारण वाहून नेताना पाने गळतात. जेथे उभे असेल तेथेच तेल फवारून त्याला आग लावावयाची, असा नियम ठरला. तपासनीस बागेतून बाहेर पडताना रसकापराच्या पाण्याने हात, जोडे आणि कपडे धुवीत. काम संपेपर्यंत फ्लोरिडात बागांतील अडीच लाखांवर झाडे आणि रोपवाटिकांतील तीस लाखांवर रोपे जाळली गेली. १९३३ साली फ्लोरिडा रोगमुक्त झाल्याचे जाहीर झाले, आणि १९४७ पर्यंत सर्व अमेरिकेतून तो गेला.

हा विजय खरा होता, आणि त्याचे वर्णन पुढे पुष्कळ ग्रंथांतून आदर्श म्हणून होत राहिले. परंतु त्याची कारणे नीट पाहिली गेली नाहीत. त्या काळी बागा विरळ होत्या. एका बागेपासून दुसरीपर्यंत मोकळे रान असे. शहरे लहान होती. शिवाय आपली बाग वाचावी म्हणून बागाईतदार स्वतःच तपासनीसाला बोलावीत असत. पुढल्या पिढीने या विजयातून एवढाच धडा घेतला, की झाडे जाळली म्हणजे रोग जातो.

या धड्याचा पहिला कटु अनुभव १९८४ साली आला. मध्य फ्लोरिडातील एका रोपवाटिकेत कोवळ्या रोपांवर डाग दिसले. तपासणीत खैऱ्याच्या जंतूच्या जातकुळीचा जंतू आढळला. जुन्या लढाईची आठवण ताजी होती. तत्काळ हुकूम सुटले, आणि पुढील काही वर्षांत सुमारे दोन कोटी कोवळी झाडे नष्ट करण्यात आली. नंतर अधिक अभ्यास झाला तेव्हा दिसले, की हा जंतू निराळा आहे. त्याने डाग पडतात खरे, पण खैऱ्यासारखा व्रण फुगत नाही, मोठ्या झाडांना फारसा अपाय होत नाही, आणि रोग बहुधा रोपवाटिकेपुरताच राहतो. दोन कोटी झाडे एका नामसादृश्याला बळी पडली होती. यामुळे शास्त्रावरचा लोकांचा विश्वास किती ढळला याचा हिशेब कोणी ठेविला नाही, पण त्याची किंमत पुढे द्यावी लागली. १९८६ साली टँपा शहराच्या परिसरात खरा खैऱ्या सापडला. त्याचे निर्मूलन १९९४ मध्ये झाल्याचे जाहीर झाले. लगेच पुढल्या वर्षी, १९९५ मध्ये, तो मायामी येथे विमानतळाजवळच्या वस्तीत पुन्हा प्रकटला.

मायामीची गोष्ट निराळी होती. येथे रोग बागेत नव्हता; घरांच्या परसांत होता. त्या शहरात घराघरांच्या मागे एखादे लिंबाचे, संत्र्याचे किंवा ग्रेपफ्रूटचे झाड असे. कोणी ते मुलाच्या जन्माच्या वेळी लावलेले, कोणी आईबापांच्या आठवणीसाठी राखलेले. अशा झाडांची मोजदाद कोणाकडे नव्हती. कुंपणापलीकडे काय आहे हे पाहण्यासाठी सरकारी माणसाला आत यावे लागे. सापडलेला रोग दोन-तीन वर्षांचा जुना आहे, असे व्रणांवरून ठरले. म्हणजे तितका काळ तो कोणाच्याही नजरेस न पडता पसरत होता.

नियम असा होता की, रोगट झाडाबरोबर त्याच्यापासून १२५ फुटांच्या आतील सर्व लिंबूवर्गीय झाडे तोडावयाची. हे माप आर्जेंटिनातील बागांत झालेल्या निरीक्षणांवरून घेतलेले होते. मायामीत ते लागू केले, पण रोग वर्तुळाबाहेर निघतच राहिला. तेव्हा सरकारी शास्त्रज्ञांनी १९९८ पासून मायामी व आसपासच्या वस्तीतील अठरा हजारांहून अधिक झाडे एकेक करून नोंदविली, प्रत्येकाचे स्थान नकाशावर मांडले, आणि दीड वर्षेपर्यंत कोणत्या झाडावर रोग केव्हा उमटतो हे पुनःपुन्हा जाऊन पाहिले. त्यांतून निघालेला निष्कर्ष असा, की तीस दिवसांच्या अवधीत होणाऱ्या नव्या लागणींपैकी शेकडा ९५ आत सापडाव्या असे वाटत असेल, तर वर्तुळाची त्रिज्या १९०० फूट घेतली पाहिजे.

कागदावर १२५ चे १९०० होणे सोपे आहे. जमिनीवर त्याचा अर्थ काय होतो हे गणिताने पाहावे. १२५ फुटांच्या वर्तुळात सव्वा एकराहूनही कमी जमीन येते. १९०० फुटांच्या वर्तुळात सुमारे २६० एकर येतात. म्हणजे शहराच्या एका गल्लीतील चार-दोन घरांऐवजी आता एका रोगट झाडामागे कित्येक आळ्यांतील शेकडो घरांची झाडे तोडली जाणार. आणि त्यांतील बहुतेक झाडांवर एकही डाग दिसत नसणार.

२००० सालापासून हे माप अमलात आले आणि २००२ मध्ये कायद्यात लिहिले गेले. तपासनीस परसात येत, झाडावर खूण करीत. मागाहून करवतवाले येत. पहिल्या झाडाबद्दल शंभर डॉलरची खरेदीची चिठ्ठी आणि त्यापुढील प्रत्येक झाडाबद्दल पंचावन्न डॉलर, अशी भरपाई ठरली होती. लोक दारात उभे राहिले, त्यांनी कुलपे लावली, ते न्यायालयात गेले. त्यांचा प्रश्न साधा होता: माझे झाड निरोगी आहे हे तुम्हालाही दिसते आहे, मग ते तोडण्याचा तुम्हाला अधिकार काय? सरकारचे उत्तरही तितकेच साधे होते: ते निरोगी दिसते आहे इतकेच आम्हाला ठाऊक आहे, ते निरोगी आहे की नाही हे तीन महिन्यांनी कळेल, आणि तोपर्यंत थांबलो तर शेजारील हजार झाडे जातील. ती फळे ज्यांच्या उपजीविकेचे साधन होती ते बागाईतदार सरकारच्या बाजूस होते. आणि ज्यांचे परसातील एकच झाड जात होते त्यांना, आपण दुसऱ्याच्या धंद्यासाठी त्याग करीत आहो, असे वाटत होते. दोन्ही पक्षांत लबाडी नव्हती. एका पक्षाला डोळ्यांसमोरचे झाड दिसत होते, दुसऱ्याला नकाशावरचे वर्तुळ.

न्यायालयांनी काही काळ तोडणी थांबविली. संपूर्ण परगण्यासाठी झडतीचे एकच वॉरंट काढण्याची तरतूद त्यांनी मान्य केली नाही. शेवटी २००४ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०० फुटांचा कायदा वैध ठरविला. दाव्यांत मधला जो काळ गेला त्यात रोग वाढतच होता. नुकसानभरपाईचे खटले मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे चालत राहिले.

कायदा जिंकला त्याच वर्षी वारा उठला. ऑगस्ट व सप्टेंबर २००४ मध्ये चार्ली, फ्रान्सेस आणि जीन ही चक्रीवादळे फ्लोरिडावरून एकामागून एक गेली. पुढील वर्षी, २४ ऑक्टोबर २००५ रोजी, विल्मा आले. या वादळांनी रोगट पानांवरचे पाणी उचलून मैलोगणती दूर नेऊन टाकले. वादळानंतर झाडांना नवती फुटली. वाऱ्याने फाटलेली पाने आणि कोवळी नवती अशी दोन्ही दारे जंतूला एकदम उघडी मिळाली. नंतरच्या तपासणीत मुख्य बागाईतीच्या प्रदेशात जागोजागी नवे ठिपके दिसू लागले. १९०० फुटांचा नियम पाळावयाचा झाल्यास आणखी १,६८,००० ते २,२०,००० एकरांवरील बागा तोडाव्या लागतील असा अंदाज निघाला. राज्यातील सर्व लिंबूवर्गीय लागवडीचा तो चौथा हिस्सा वा त्याहून अधिक होता. रोगापेक्षा उपायच अधिक बागा खाऊन टाकणार असे झाले. २००६ च्या जानेवारीत अमेरिकन कृषिखात्याने निर्मूलन आता शक्य नसल्याचे जाहीर केले आणि पैसा थांबविला. तोपर्यंत एक कोटी साठ लाखांच्या आसपास झाडे गेली होती. त्यांत आठ लाखांवर घरांच्या परसांतील होती.

यावरून शास्त्रज्ञांचे मापच चुकीचे होते असे म्हणणे न्याय्य होणार नाही. १९०० फुटांचे माप नेहमीच्या पावसाचे होते, चक्रीवादळाचे नव्हते. शिवाय निर्मूलन सर्वत्रच फसले असेही नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रदेशात १९१२ मध्ये हा रोग शिरला, तेव्हा तेथील सरकारने १९ अक्षांशाच्या उत्तरेकडील प्रत्येक लिंबूवर्गीय झाड तोडविले आणि रोग घालविला. त्याच देशात क्वीन्सलंडमधील एमराल्ड येथे तो २००४ साली पुन्हा आला. तेथील बागांतील सर्व झाडे तोडण्यात आली आणि २००९ मध्ये तो गेला. एमराल्ड हे समुद्रापासून दूर, कोरड्या हवेचे, इतर बागांपासून तुटलेले ठिकाण आहे. मायामी हे पावसाचे, वाऱ्याचे, आणि दररोज हजारो प्रवासी उतरणारे शहर आहे. जंतू दोन्हीकडे एकच होता, उपायही एकच होता. भोवतालची परिस्थिती निराळी होती.

फ्लोरिडाच्या कथेचा शेवट येथे व्हावयाचा, तो झाला नाही. सर्वांचे लक्ष खैऱ्याकडे असता दुसरा एक जंतू मागल्या दाराने आत आला होता. त्याच्या रोगाला इंग्रजीत ग्रीनिंग म्हणतात, कारण फळ खालच्या बाजूने हिरवेच राहते. ते लहान, वाकडे आणि कडवट होते. दक्षिण चीनमधील शेतकरी त्याला पिवळ्या डहाळ्यांचा रोग म्हणत. हा जंतू पानाच्या पृष्ठभागावर व्रण करीत नाही. झाडाचा अन्नरस वाहून नेणाऱ्या नलिकांत तो राहतो आणि त्या नलिका निकामी करून झाडाची उपासमार करतो. पावसाने वा वाऱ्याने तो पसरत नाही. त्याला वाहन लागते, आणि ते वाहन म्हणजे सिला नावाचा तिळाएवढा एक कीटक. कोवळ्या नवतीवर बसून तो रस शोषतो, आणि रोगट झाडातील जंतू निरोगी झाडात सोडतो. दुसरे वाहन म्हणजे माणसाने बांधलेले कलम.

या रोगाच्या इतिहासात पुण्याचेही नाव आहे. पंजाबात १९२७ सालीच हुसेन आणि नाथ या दोघा संशोधकांनी सिलाच्या उपद्रवाचे सविस्तर वर्णन केले होते. परंतु झाडांचा ऱ्हास कीटकाच्या चाव्याने होतो की त्याने आणलेल्या रोगाने, हे तेव्हा कळण्याजोगे नव्हते. १९६७ साली भारतीय कृषि संशोधन संस्थेच्या पुणे येथील केंद्रातील कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी हा कीटकच भारतात ग्रीनिंगचा वाहक आहे हे प्रयोगाने दाखविले. त्याच वर्षी फिलिपाइन्समध्येही असाच निष्कर्ष निघाला. रोगाचे कारण विषाणू असावा असे त्या वेळी वाटत होते. १९७० मध्ये फ्रान्समध्ये विद्युत्-सूक्ष्मदर्शकाखाली रोगट झाडाच्या नलिकांत जंतूसारखे जीव दिसले, आणि तेव्हापासून तो जंतूंच्या यादीत आला. क्लारा हॅसेने खैऱ्याचा जंतू जसा काचपात्रात वाढविला तसा हा सहजासहजी वाढत नाही. त्याच्यावरील संशोधनास यामुळे मोठा अडथळा झाला आहे.

सिला फ्लोरिडात १९९८ च्या जूनमध्ये सापडला. कुंतीच्या शोभेच्या रोपांबरोबर तो दुकानांतून घराघरांत गेला, कारण कुंती ही लिंबाच्याच कुळातील आहे. ऑगस्ट २००५ मध्ये खुद्द रोग सापडला. म्हणजे विल्मा येण्याच्या दोन महिने आधी. झाडात जंतू शिरल्यापासून चिन्हे दिसेपर्यंत येथे महिनेच नव्हे, तर कधी कधी वर्षेही जातात. खैऱ्याच्या बाबतीत जो अवधी साडेतीन महिन्यांचा होता तो येथे इतका लांबला, की वर्तुळ आखण्याचा प्रश्नच उरला नाही. २००३–०४ च्या हंगामात फ्लोरिडाने संत्र्यांच्या २४ कोटी २० लाख पेट्या पिकविल्या होत्या. २०२२–२३ मध्ये, इयान चक्रीवादळाच्या तडाख्यानंतर, ही संख्या दोन कोटींच्याही खाली आली. या ऱ्हासाला वादळे आणि जमिनीच्या वाढत्या किमती यांचाही हातभार लागला. परंतु मुख्य कारण ग्रीनिंग हेच होय. ज्या बागा वाचविण्यासाठी परसांतील लाखो झाडे तोडली गेली, त्यांतील पुष्कळशा या दुसऱ्या जंतूने घेतल्या.

महाराष्ट्रात खैऱ्या आणि ग्रीनिंग हे दोन्ही रोग घरचेच आहेत. त्यांचे समूळ निर्मूलन करण्याची भाषा येथे कोणी करीत नाही. त्यांना आवर घालणे एवढेच शहाणपणाचे ठरते. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण किंवा तत्सम ताम्रयुक्त औषध नवतीच्या वेळी फवारणे, रोगट डहाळ्या कोरड्या हवेत छाटून जाळणे, पाने पोखरणाऱ्या अळीचा व सिलाचा बंदोबस्त करणे, वारा अडविण्यासाठी बांधावर उंच झाडांची रांग लावणे, हे उपाय बागाईतदारांना परिचित आहेत. परंतु या सर्वांहून महत्त्वाचे ते रोप. नागपूर येथील लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्थेत शेंड्याच्या अतिसूक्ष्म कोंबाचे कलम करून रोगमुक्त मातृवृक्ष तयार केले जातात, त्याचे कारण हेच, की शंभर वर्षांच्या या इतिहासात रोगाच्या लांबच्या उड्या बहुधा माणसाने दिलेल्या रोपाच्या पाठीवर बसूनच झाल्या.

शहरातील गृहस्थाला हा सगळा प्रकार बागाईतदारांचा वाटेल. तो तसा नाही. अंगणातील लिंबू, कुंडीतली कुंती, स्वयंपाकघरामागचा कढीपत्ता ही सर्व एका कुळातील झाडे असून सिला या तिन्हींवर पोसला जातो. गावाकडून येताना ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेले लिंबाचे रोप, शेजाऱ्याला प्रेमाने दिलेली फांदी, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर न धुता चालविलेली कात्री या साध्या गोष्टींवाटेच रोग मुशाफिरी करतो. रोप परीक्षित रोपवाटिकेतून घ्यावे, पाने ओली असताना झाडाला हात लावू नये, छाटणीचे हत्यार प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावे, आणि नव्या पानावर पिवळ्या वलयाचा ठिपका दिसताच ती डहाळी काढून जाळावी. घरगुती झाडापुरते एवढे पथ्य पुरेसे आहे.

क्यू येथील तो महाळुंगाचा नमुना अजून कागदावर चिकटलेला आहे. त्यावरील डाग वाचावयास शंभर वर्षे लागली. मायामीत तो अवधी दोन-तीन वर्षांवर आला होता, आणि तरीही तो फार होता. घरच्या झाडाच्या बाबतीत तो आठवड्या-पंधरवड्यावर आणणे कोणालाही शक्य आहे. त्यासाठी नवती फुटल्यावर पानांची खालची बाजू उलटून पाहण्यापलीकडे काही लागत नाही.